बाराबंदी आणि इरकल चितारायची असेल तर आधी पन्हा मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात उपयोजित कला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीला जुन्या पोशाखावर तीन मोठे फलक करायचे आहेत: एकावर बाराबंदी (बारा बंदांनी बांधायचा पुरुषांचा अंगरखा), दुसऱ्यावर नऊवारी इरकल, तिसऱ्यावर उत्तर पेशवाईतला एक पूर्ण पोशाख. चित्रं मालिकांतल्या वेशभूषेसारखी दिसू नयेत, जुन्या फोटोंवरून रंग कसे ठरवावेत आणि घरच्या ट्रंकेत पणजीची इरकल आहे ती कशी हाताळावी, हे तिला विचारायचं आहे.

जुना पोशाख चित्रात खोटा वाटतो तो बहुतेक वेळा नक्षीमुळे वाटत नाही. चित्रकाराच्या मनात आजच्या शर्टाचा किंवा ब्लाउजचा साचा असतो आणि त्यावर जुनी बुट्टी चढवली जाते, तिथे गडबड होते. म्हणून नक्षी बाजूला ठेवा आणि पन्ह्यापासून सुरुवात करा. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, हे सोलापूरकराला सांगायला नको. हातमागावर आडवा धागा नेणारा धोटा हाताने फेकला जात होता तोवर विणकराचा हात पोहोचेल तेवढीच कापडाची रुंदी मिळायची. कापड महाग, चिंधीसुद्धा वाया घालवायची नाही. त्यामुळे शिंपी सरळ रेषेत कापायचा: आयत, चौकोन आणि आयत तिरका चिरून निघालेल्या कळ्या. बाहीसाठी गोल खोलगट कापलेला खांदा आपल्याकडे पाश्चात्त्य शिवणीबरोबर आला. बाराबंदी, अंगरखा, जामा या सगळ्यांचं सौंदर्य त्या सरळ कापातून आणि अंगावर आल्यावर पडणाऱ्या तिरक्या घड्यांतून तयार होतं. ते एकदा कळलं की चित्रातली रेघ आपोआप बदलते.

बाराबंदीपासूनच सुरुवात करा, कारण ती तुमच्या गावात अजून अंगावर दिसते. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत मानाच्या सात नंदीध्वजांबरोबर (उंच, जड काठ्यांबरोबर) पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले भाविक चालतात. चित्रकाराला जिवंत पोशाख चालताना, वाकताना, वजन पेलताना बघायला मिळणं ही फार मोठी सोय आहे. नंदीध्वज पेलणाऱ्याचे हात वर असतात, कंबर ताठ असते आणि सगळा ताण बगलेत आणि छातीवरच्या बंदांत दिसतो. त्या दिवसांत फक्त स्केच करा, मापं घेऊ नका. मापांसाठी यात्रा उरकल्यावर एखाद्या घरी विचारून जा. तो पूजेतला पोशाख आहे; जमिनीवर पसरू नका, धुतलेल्या चादरीवर टेबलावर ठेवा आणि घरच्यांसमोरच मापं घ्या.

मापं अशी घ्यावीत. आधी प्रत्येक तुकड्यात उभा धागा, म्हणजे ताणा, कोणत्या दिशेला आहे ते शोधा. कुठेतरी कापडाची मूळ किनार शिवणीत सापडते, तिला समांतर तो ताणा. कागदावर तुकड्याचं कच्चं रेखाटन करून त्यात ताण्याचा बाण काढा, मगच टेप लावा. पाठ, दोन आगे (पुढचे भाग), दोन बाह्या, दोन बगला (काखेत बसवायचे चौकोन), बाजूच्या कळ्या, गळ्याची पट्टी आणि बंद, एवढे तुकडे वेगवेगळे मोजा. कळीची एक कड सरळ धाग्यात असते, दुसरी तिरकी. चांगल्या शिवणीत कळीची तिरकी कड शेजारच्या तुकड्याच्या सरळ कडेला जोडलेली असते. दोन तिरक्या कडा एकमेकींना जोडल्या तर दोन्ही ताणल्या जातात आणि काही महिन्यांत घेर त्या जागी लोंबायला लागतो. जुन्या नमुन्यात घेर एका बाजूला उतरलेला दिसला तर आधी ही शिवण तपासा. चित्रात तो उतार तसाच काढायचा की मूळ सरळ घेर दाखवायचा, हे ठरवून टाका.

बारा बंद म्हणजे सहा जोड्या. काही जोड्या आतल्या आग्याला धरतात, बाकीच्या वरच्या आग्याला. त्यांची विभागणी आणि अंतरं शिंप्यागणिक बदलतात, म्हणून समोरच्या नमुन्यावर प्रत्येक बंदाची जागा गळ्यापासून आणि बाजूच्या शिवणीपासून अशी दोन मापांनी नोंदवा. चित्रांत सगळ्यात जास्त चूक इथे होते: बंद बटणांसारखे एका ओळीत, सारख्या अंतरावर टाकले जातात आणि आतला आगा कशाने धरला आहे हे चित्रात कुठेच कळत नाही.

एवढ्यावर चित्र काढायला बसू नका. आधी एक बाराबंदी कापून शिवा. ३६ इंच छातीच्या माणसासाठी ३६ इंच पन्ह्याचं अडीच ते पावणेतीन मीटर मांजरपाट पुरतं. कोरं मांजरपाट आधी कोमट पाण्यात भिजवून, चोळून, खळ पूर्ण काढून वाळवा. खळ असलेल्या कापडाच्या घड्या कागदासारख्या कडक पडतात आणि धुतल्यावर कापड आटतं ते वेगळंच. पाठ सुमारे २१ इंच रुंद, २८ इंच लांब. प्रत्येक आगा सुमारे १६ इंच रुंद, म्हणजे दोन्ही आगे एकमेकांवर चांगले चढतात. बाही २२ इंच लांब, खांद्याशी १८ इंच घेराची, मनगटाकडे ९ ते १० इंचांपर्यंत निमुळती. बगलेसाठी ४ इंचांचा चौकोन, कोपऱ्यावर फिरवून बसवलेला. बंदासाठी २ इंच रुंद आणि ११ इंच लांब पट्ट्या, दुमडून शिवल्यावर अर्ध्या इंचाच्या होतात. शिवणीसाठी अर्धा इंच या मापांतच धरला आहे. ही सुरुवातीची मापं समजा. तुम्ही मोजलेल्या नमुन्याचे आकडे वेगळे असतील तर नमुन्याचे खरे. कापड वाचवायचं असेल तर अर्ध्या मापाचा नमुना लहान पुतळ्यावर करा, एक चतुर्थांश कापडात होतो. पण मग कापडही तितकंच पातळ घ्या, नाहीतर घड्या जाड पडतात.

शिवून झाल्यावर बगल लावलेली एक बाही आणि बगल न लावलेली एक बाही, असं मुद्दाम करून बघा. बगल नसलेल्या बाजूला हात वर केला की सगळी बाराबंदी कमरेपासून वर ओढली जाते आणि काखेत आडव्या सुरकुत्या जमतात. बगल असलेल्या बाजूला चौकोन उघडतो, कंबर जागेवर राहते आणि काखेतून छातीवरच्या बंदाकडे एक लांब तिरकी घडी धावते. तीच या पोशाखाची ओळख आहे. शिवाय खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर येत नाही, दंडावर दोन-तीन इंच खाली उतरते. ही दोन लक्षणं चित्रात आली की बाराबंदी एकही नक्षी न काढता ओळखू येते. पांढऱ्या कापडावर चित्रकाराला दुसरा आधारही नसतो. सगळं काम घडी आणि सावलीनेच करावं लागतं. म्हणून पहिला फलक बाराबंदीचा करायचं ठरवलंत ते योग्यच आहे.

आता इरकल. हे लुगडं बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावचं, आणि सोलापूर कर्नाटकाच्या सीमेवर असल्याने इथल्या जुन्या ट्रंकांत ते हमखास सापडतं. अंग सुती, काठ रेशमी, पदर लाल रेशमी आणि त्यावर पांढरी नक्षी, तो टोप पदर. पदराचा ताणा वेगळा असतो आणि अंगाच्या ताण्याला धाग्याच्या फासात फास अडकवून जोडलेला असतो. भिंगातून पाहिलं तर लाल धागा संपून अंगाचा धागा सुरू होतो त्या रेषेवर हे फास दिसतात. ही रेष खऱ्या इरकलीची फार चांगली खूण आहे आणि मालिकांतल्या किंवा छापील नकलांत ती कधीच नसते. फलकावर या जोडाचं दहापट मोठं चित्र काढाच. काठाची नावंही घरच्या बायकांना विचारून लिहून घ्या: गोमी, परासपेठ, गाडी, चिक्की परास. एकाच काठाला दोन घरांत दोन नावं सांगितली तर दोन्ही लिहा.

पणजीची साडी धुऊ नका. यात तीन धोके एकत्र आहेत. लाल पदराचा रंग अंगावर उतरू शकतो. सुती अंग आटतं, रेशीम तितकं आटत नाही, त्यामुळे काठ चुणतो. आणि विसाव्या शतकातल्या बऱ्याच इरकलींत अस्सल रेशमाऐवजी रेयॉन, म्हणजे कृत्रिम रेशीम, आहे. रेयॉनचा धागा ओला झाला की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, हवा कोरडी असते, तेव्हा जुनं रेशीम घडीवर तडकतं. साडी उलगडायची असेल तर पहिल्या पावसानंतरचे दिवस निवडा. हात धुऊन कोरडे करा, अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवा, दोन टेबलं जोडून धुतलेलं पांढरं कापड अंथरा आणि एका वेळी एकच मीटर उलगडा. काळा किंवा गडद तपकिरी भाग आधी तपासा. काळा रंग पक्का करायला लोह वापरलेलं असतं आणि तेच धाग्याला आतून खातं, म्हणून चंद्रकळेसारखी काळी लुगडी लाल-हिरव्यांच्या आधी विरतात. काम झाल्यावर नळीवर सैल गुंडाळा. घडीच घालायची असेल तर जुन्या घडीची जागा सोडून घाला. प्लास्टिकची पिशवी नको. डांबरगोळी कापडाला टेकू देऊ नका. जरीचे धागे काळे पडले असतील तर चिंच, लिंबू, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. काळेपणा निघतो आणि त्याबरोबर वरचा पातळ सोन्याचा मुलामाही निघतो.

धागा कसला आहे हे ठरवायला कडेला आपोआप सुटलेला एक-दोन सेंटिमीटरचा धागा चिमट्यात धरून जाळा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राखाडी राख राहते. रेयॉनही तसंच जळतं, म्हणून झळाळी रेशमाची आणि वास कागदाचा असेल तर ते रेयॉन. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि चुरडता येणारा काळा मणी राहतो. पॉलिस्टर वितळतं आणि कडक, न फुटणारा मणी होतो. काळ ठरवायला शेवटच्या टोकाचा शिक्का शोधा. मिलच्या कापडावर लांबी आणि किंमत छापलेली असते. लांबी वारात असेल तर कापड बहुधा १९६० च्या आसपासचं किंवा त्याआधीचं, कारण मेट्रिक मापं १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने आली. किंमत आण्यांत असेल तर १९५७ च्या आधीचं. ‘नये पैसे’ लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ मधलं, एवढं नेमकं सांगता येतं. हातमागाच्या इरकलीवर असा शिक्का बहुधा मिळत नाही; तिथे रंग, धागा आणि घरातली लग्नाची साल यांची सांगड घालावी लागते. अतिनील टॉर्चमध्ये पांढरा भाग निळसर चमकला तर ते नव्या काळातल्या धुण्याच्या पावडरीचं काम आहे. तेवढ्यावरून साडी नवी ठरवू नका, ती नंतर धुतली गेली एवढंच त्यातून कळतं.

काठाची नक्षी उतरवताना सोलापूरकडे असलेलं एक कौशल्य वापरा. जेकार्डवर चादरीचं डिझाइन ज्या रीतीने ग्राफवर मांडतात तशीच ही नक्षी मांडा: एक उभा रकाना म्हणजे ताण्याचा एक धागा, एक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक धागा. त्याआधी भिंगाखाली एका इंचात ताण्याचे आणि बाण्याचे धागे मोजा, साडीवर तीन वेगवेगळ्या ठिकाणी, आणि सरासरी घ्या. समजा ताण्याचे ६० आणि बाण्याचे ४८ निघाले. मग चौकोनी रकान्यांच्या ग्राफवर कापडातली एक इंच चौरस नक्षी ६० रकाने रुंद आणि ४८ ओळी उंच दिसेल, म्हणजे सव्वापट बसकी. मोर लठ्ठ दिसतो, मंदिराचं शिखर चेपतं, आणि विद्यार्थी नजरेने ते ‘दुरुस्त’ करायला जातात तिथे धाग्यांचा हिशोब मोडतो. त्यापेक्षा ग्राफच ६०:४८ या प्रमाणात आखून छापून घ्या. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, अजून जुने डिझायनर आहेत. ग्राफ त्यांना एकदा दाखवा. चुकलेला धागा त्यांच्या नजरेला लगेच सापडतो.

नऊवारी नेसलेली दाखवण्यासाठी जुनी साडी मुळीच नेसवू नका. तिच्या वजनाचं दुसरं कापड शोधा. साडी वजनकाट्यावर ठेवा. उदाहरणार्थ वजन ५६० ग्रॅम, लांबी ८.२ मीटर, रुंदी १.१५ मीटर. क्षेत्रफळ सुमारे ९.४ चौरस मीटर, म्हणजे एका चौरस मीटरला जवळपास ६० ग्रॅम. याच्या दहा ग्रॅम अलीकडे-पलीकडे असलेलं सुती कापड घ्या, त्याला तेवढ्याच रुंदीचे जड काठ जोडा, नाहीतर कापडाची तळाची कड हलकी राहते आणि निऱ्या फुगतात. मग त्यावर दर मीटरला वेगळ्या रंगाचा धावदोरा घाला, पदराच्या टोकापासून मोजत, एकूण आठ. नेसवून झाल्यावर समोरून, पाठीमागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. कोणता मीटर कुठे गेला ते धाग्याच्या रंगावरून कळतं: छातीवरून खांद्यावर गेलेला भाग कोणता, निऱ्यांत किती कापड गेलं, ओच्यात किती, काष्ट्यात मागे खोचलेला काठ नक्की कोणता. हे न करता काढलेल्या चित्रांत वरचा काठ मध्येच नाहीसा होतो किंवा काष्ट्याला तिसराच काठ फुटतो. एका साडीला दोनच काठ असतात आणि त्यातला प्रत्येक सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटाने गिरवता आला पाहिजे. तुमच्या चित्रावर ही परीक्षा घ्या.

नेसण एकच नव्हती हेही लक्षात असू द्या. घोळदार, घोट्यापर्यंत उतरलेली नेसण आणि पोटरी उघडी ठेवणारी, शेतात किंवा मागावर काम करताना आवळून खोचलेली नेसण यांचे आकार पूर्ण वेगळे. फलकावर बाई कोण आहे आणि काय करते आहे हे आधी ठरवा, मग काठाची उंची ठरते. आत परकर नसतो. चोळी खणाची, कर्नाटकातल्या गुळेदगुड्ड गावच्या विणीची, समोर गाठ मारलेली. तिचा काठ बाहीच्या तळाला येतो. पाठीवर हुक आणि खोल गळा असलेला ब्लाउज दिसला की सगळा फलक आजचा होऊन जातो.

कपड्यावर छापल्यासारखी नक्षी काढणं ही सार्वत्रिक चूक आहे. घडीच्या आत गेलेली नक्षी दिसत नाही, घडीच्या कडेवर ती अरुंद होते, आणि घडी उलटली की उलटी बाजू समोर येते. पट्ट्यांच्या किंवा चौकड्यांच्या इरकलीवर हे सोपं पडतं, कारण चौकडी स्वतःच घडीचा आकार सांगते. आधी फक्त चौकडी पेन्सिलीने अंगावर फिरवा, छाया नंतर द्या.

जुन्या फोटोंवरून रंग ठरवताना फार सावध राहा. १८५१ नंतरच्या ओल्या काचेच्या प्लेटला जवळपास फक्त निळा प्रकाश कळायचा. पुढच्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला हिरवाही कळू लागला, लाल मात्र नाही. सगळे रंग पकडणाऱ्या प्लेट बाजारात आल्या त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि स्टुडिओंत रुळायला आणखी वेळ लागला. परिणाम असा की लाल लुगडं फोटोत काळं दिसतं, हळदी पिवळं गडद दिसतं, आकाशी निळं पांढरं दिसतं. कुंकू त्या फोटोंत काळं दिसतं ते याचमुळे. म्हणजे फोटोतली ‘काळी’ साडी चंद्रकळा असेलच असं नाही. कपाळाचं कुंकू आणि साडीचं अंग सारखंच काळं असेल तर लाल साडीची शक्यता धरा. हाताने रंगवलेल्या फोटोंतला रंग स्टुडिओतल्या कारागिराच्या मर्जीचा असतो, त्याला पुरावा मानू नका. शाल, छत्री, खुर्ची, कधी दागिनेसुद्धा स्टुडिओचेच असायचे. तीच शाल दुसऱ्या घरच्या फोटोत दिसली तर नवल नको. शिवाय काचेची निगेटिव्ह उलटी ठेवून छापली तर डावं-उजवं फिरतं. पदराची किंवा बंदांची बाजू ठरवण्याआधी फोटोत पाटी, पुस्तक, घड्याळ यांपैकी काही आहे का ते बघा.

रंगद्रव्यांचा इतिहास माहीत असला की निवड सोपी होते. रसायनशास्त्रज्ञ पर्किनचा कृत्रिम जांभळा १८५६ चा, कृत्रिम अलिझरिन (लाल) १८६९ च्या सुमारास, कारखान्यातली नीळ १८९७ पासून. उत्तर पेशवाईच्या फलकावर झगझगीत जांभळा आला की चूक ठरलेलीच. त्याआधीचा निळा म्हणजे नीळ: किंचित करडी, हिरवट झाक असलेली. लाल म्हणजे आल, मंजिष्ठा किंवा लाख. पहिल्या दोन्हींचा लाल विटकरीकडे झुकतो. पिवळा हळदीचा किंवा डाळिंबाच्या सालीचा. हिरवा बहुधा पिवळ्यावर निळीचा हात देऊन केलेला. हळद उन्हात उडते आणि नीळ टिकते, त्यामुळे जुन्या कापडातला निळसर हिरवा आज दिसतो तसा मुळात नव्हता. मूळ रंग बघायचा असेल तर शिवणीच्या आत दुमडलेला भाग किंवा घडीचा पोटातला भाग बघा. हे सकाळच्या उजेडात, उत्तरेकडच्या खिडकीशी करा. एलईडीखाली जुळवलेला लाल बाहेर नेला की वेगळाच दिसतो.

जलरंगांत विटकरी लालासाठी बर्न्ट सिएनात कायम टिकणारा अलिझरिन क्रिमझन मिसळा. जुन्या प्रकारचा अलिझरिन क्रिमझन स्वतःच उन्हात फिका पडतो, ट्यूबवर ‘पर्मनंट’ लिहिलेला घ्या. निळीसाठी तयार इंडिगो चालतो, पण तो काळपट असतो; त्यात प्रशियन ब्लूचा थेंब घाला. जरीसाठी सोनेरी रंग वापरू नका, हे मी आग्रहाने सांगतो. सोनेरी रंग एका कोनातून लखलखतो आणि दुसऱ्या कोनातून करडा पडतो, फोटोत तर मातकट येतो. यलो ऑकर, रॉ अंबर आणि उजेडाच्या जागी नेपल्स यलो, या तिघांत जरीचा धागा जास्त खरा वाटतो, कारण जरीची चमक शेजारच्या गडद सावलीमुळे दिसते.

तिसऱ्या फलकासाठी काळ आधी नक्की करा. ‘पेशवाई’ म्हणजे शंभराहून अधिक वर्षं. १७९० चं दशक घेतलंत तर पुण्यात आलेल्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची चित्रं आधाराला आहेत. त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना प्रत्यक्ष पाहून रंगवलं. मेणवलीच्या नाना फडणवीस वाड्यातली भित्तिचित्रं त्याच्या जोडीला बघा: वेल्सला कापडाचं वजन आणि पडछाया कळते, भित्तिचित्रकाराला कोण काय नेसतं हे कळतं. पुण्याच्या केळकर संग्रहालयातल्या वस्तू बघायला जाल तेव्हा सगळी दालनं फिरू नका. एका पोशाखापुढे दोन तास बसा. सतराव्या शतकात मागे जायचं असेल तर सोलापूरला विजापूर जवळचं. आदिलशाही चित्रांतला पातळ, पायघोळ जामा हा आपल्या भागाचा खरा पूर्वज आहे. पण तो जामा, अठराव्या शतकातला अंगरखा आणि एकोणिसाव्या शतकातली पगडी एकाच माणसावर चढवू नका. जुन्या लघुचित्रांत बंदांची बाजू नीट बघा: मुघल रिवाजात हिंदू डावीकडे बांधत आणि मुसलमान उजवीकडे, म्हणून बाजू उलटली तर पाहणाऱ्याला दुसराच माणूस दिसतो. राजा रविवर्म्याच्या चित्रांबद्दल एक वेगळी सूचना. कापडाचा पोत कसा रंगवावा हे त्यांच्याकडून शिका, पण छापखाना निघाल्यानंतर (१८९४) घरोघर गेलेल्या देवींच्या नऊवाऱ्या हा त्या काळच्या नेसणीचा हुबेहूब पुरावा समजू नका. तिथे चित्रकाराने रचना केलेली आहे, आणि चित्रकार म. वि. धुरंधरांच्या रेखाचित्रांशी ताडून पाहिलं की ती कळते.

फलकासाठी २२ × ३० इंची, ३०० ग्रॅमचा जलरंगाचा कागद घ्या. सपाट साडीसाठी एक फुटाला एक इंच हे प्रमाण बरोबर बसतं: नऊ वार म्हणजे २७ फूट, म्हणून कागदावर २७ इंचांची पट्टी, दोन्ही बाजूंना दीड इंच जागा सुटते. रुंदी पावणेचार इंचांच्या आसपास येते. त्याखाली नेसलेली आकृती, बाजूला पदराच्या जोडाचं मोठं चित्र आणि काठाचा ग्राफ. बाराबंदी एक चतुर्थांश मापात काढा. शिवणी आणि दुमड वजा जाता बाह्या पसरून सुमारे ६२ इंच रुंदी होते, म्हणजे कागदावर साडेपंधरा इंच. तिच्याखाली सुटे तुकडे ताण्याच्या बाणासह मांडा आणि ते ३६ इंच पन्ह्यात कसे बसतात ते दाखवा. पाहणाऱ्याला कापातला हिशोब तिथे दिसतो, मला तर हाच भाग सगळ्यात देखणा वाटतो.

रेषांची एक शिस्त ठेवा. वस्तूवरून प्रत्यक्ष मोजलेलं ते अखंड रेषेत. चित्रावरून किंवा फोटोवरून घेतलेलं ते तुटक रेषेत. अंदाजाने भरलेलं ते फिकट करड्या रंगात, त्यात नक्षी किंवा रंग भरायचा नाही. प्रत्येक फलकाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात या तीन रेषांचा खुलासा, मापाचं प्रमाण, कापडाचं दर चौरस मीटर वजन आणि ताणा-बाण्याची धाग्यांची संख्या लिहा. पणजीची साडी फलकाशेजारी मांडायचा मोह झाला तर तिच्यावर पडणारा उजेड ५० लक्सच्या आत ठेवा, थेट ऊन येऊ देऊ नका, टाचण्या टोचू नका. मऊ कापडाने गुंडाळलेल्या जाड नळीवर ती सैल टाका, पदर वर येईल अशी, आणि प्रदर्शन संपलं की त्याच दिवशी घरी न्या.